पथ्य एकट्याचे नव्हे, घराचे

वर्ध्यात कोणाच्याही घरी पाहुणा गेला, की चहासोबत गोरसपाकाची बशी पुढे येण्याची शक्यता मोठी. गाईच्या तुपातला हा खुसखुशीत गोड पदार्थ म्हणजे या गावाची ओळख. परगावी राहणाऱ्या मुलाकडे निघालेल्या आईच्या पिशवीत त्याचे पुडे असतात आणि नागपूर-मुंबईचे नातलग त्याची वाट पाहत असतात. या पाहुणचारात गैर काहीच नाही. प्रश्न उभा राहतो तो बशीपुढे बसलेल्या गृहस्थांच्या प्रकृतीचा. वय साठीच्या पुढे, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलेला, पित्ताचा जुना त्रास, पोट एक दिवस साफ तर दोन दिवस नाही, आणि रक्तातील साखर सीमारेषेवर. अशी प्रकृती आज मध्यमवर्गीय घरांत अपवादाची राहिलेली नाही. पाहुणे संकोचाने ‘नको’ म्हणतात आणि यजमान तितक्याच प्रेमाने म्हणतात, ‘एवढ्याने काय होते?’

या प्रश्नाचे उत्तर गांभीर्याने शोधणे आता अगत्याचे झाले आहे. कारण हे ‘एवढेसे’ दिवसातून किती वेळा आणि किती घरी होते, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांपैकी अनेकांना हृदयाचे वा पचनाचे विकारही आहेत. साखरेवर नियंत्रण हा केवळ मधुमेह्यांचा विषय आहे, हा समज त्यामुळेच सोडून द्यावा लागेल.

तिखट गेले, तेलकट गेले, उरले गोड

हृदयविकाराचे निदान झाले, की घरातले पहिले फर्मान निघते ते तूप-तेलाविरुद्ध. पोट बिघडले, की तिखट, मसाला आणि तळण बंद होते. दोन्ही बंधने आपापल्या जागी योग्यच आहेत. मात्र ज्याला दोन्ही विकार आहेत, त्याच्या ताटातून तिखटही जाते आणि तेलकटही जाते. मग जिभेला रुचेल असे उरते काय? उरते ते गोड. पित्त शमावे म्हणून थंड दुधात साखर घातली जाते. हलके म्हणून साबुदाण्याची खीर, तोंडाला चव यावी म्हणून शिरा, शक्ती यावी म्हणून ग्लुकोजची बिस्किटे दिली जातात. भेटीला येणारा प्रत्येक जण फळांच्या रसाचे खोके घेऊन येतो. औषध म्हणून घेतले जाणारे काही पदार्थही या यादीतून सुटत नाहीत. गुलकंद, च्यवनप्राश, खोकल्याची सिरपे, चवदार केलेला इसबगोल यांच्यातही साखर असते. ‘आम्ही काहीच गोड खात नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणारी व्यक्ती दिवसभरात दहा-बारा चमचे साखर पोटात घालत असते, ती अशी.

हे घडण्यामागे एक इतिहासही आहे. १९६७ साली अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी लिहिलेला एक आढावा प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा सारा दोष त्यात स्निग्ध पदार्थांच्या माथी मारला गेला आणि साखरेची बाजू सावरली गेली. या लेखनासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे मोजले होते, ही गोष्ट उजेडात यायला २०१६ साल उजाडावे लागले. मधल्या अर्धशतकात ‘तूप वाईट’ हे जगभर पाठ झाले आणि साखरेकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही. स्निग्ध पदार्थांवर मर्यादा हवीच, त्याबद्दल वाद नाही. परंतु तूप काढून त्या जागी साखर ठेवणे म्हणजे एका दाराला कुलूप लावून दुसरे सताड उघडे ठेवणे होय.

साखर हृदयापर्यंत पोहोचते कशी, हे समजून घेतले तर पोट आणि हृदय यांचा संबंधही उलगडतो. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज आणि निम्मा फ्रुक्टोज असतो. फ्रुक्टोजची विल्हेवाट मुख्यतः यकृताला लावावी लागते. ते गरजेपेक्षा अधिक आले, की यकृत त्याची चरबी बनवते. काही चरबी यकृतातच साठते आणि काही ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात उतरते. यकृतात चरबी साठलेल्या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृताचा विकार नसून हृदयविकार असतो, हे वैद्यकशास्त्राचे निरीक्षण पुरेसे बोलके आहे. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाच्या उष्मांकांपैकी १७ ते २१ टक्के उष्मांक वरून घातलेल्या साखरेतून घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका, ८ टक्क्यांच्या आसपास साखर घेणाऱ्यांच्या तुलनेत, ३८ टक्क्यांनी अधिक आढळला. पोटाच्या बाबतीतही तेच. मैदा, खवा आणि साखर यांच्या पदार्थांत तंतुमय भाग जवळजवळ नसतो. त्यांनी पोट भरते, पण भाजी, डाळ आणि भाकरी यांची जागा अडते. बद्धकोष्ठतेची तक्रार मग वर्षानुवर्षे चालू राहते आणि तिच्यावरचे चूर्णही.

पौनारचा धडा

पथ्याचा विचार वर्धा जिल्ह्याला नवा नाही. किंबहुना आहाराविषयी या जिल्ह्यात जितके प्रयोग झाले, तितके देशात क्वचितच कोठे झाले असतील. आचार्य विनोबा भावे ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आले, तेव्हापासून अखेरपर्यंत ही त्यांची कर्मभूमी राहिली. त्याआधी आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन त्यांनी प्रकृती सुधारण्यासाठी आणि अध्ययनासाठी वाई परिसरात काळ घालवला होता. त्याचा वृत्तांत १९१८ साली त्यांनी गांधीजींना पत्राने कळवला. त्यात आपल्या दिवसाच्या आहाराचे मोजमापच दिलेले आहे. दूध, ज्वारीच्या दोन भाकऱ्या, चार-पाच केळी आणि मिळाल्यास एखादे लिंबू. मसाले त्यांनी कायमचे सोडले होते. महिनाभर केवळ केळी, दूध आणि लिंबू यांवर राहून पाहिल्यावर शक्ती घटली, हेही त्यांनी त्यात नोंदवले आहे. प्रयोग फसला तर तो सोडून देण्याची ही वृत्ती ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९३८ मध्ये त्यांची प्रकृती अतिशय खालावली. थंड हवेच्या ठिकाणी न जाता ते धाम नदीच्या काठी पौनारला जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला गेले. तेथे मन शांत ठेवून रोज थोडे खणण्याचे काम त्यांनी सुरू केले, हळूहळू त्याचा वेळ वाढवला आणि काही महिन्यांत गेलेले वजन परत मिळवले. पुढे त्यांना लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रणाचा त्रास जडला. हा अल्सर सोबत घेऊनच १९५१ पासून तेरा वर्षे ते भूदानासाठी देशभर पायी हिंडले. गावोगावी स्वागत होत असे. पण त्यांचा आहार ठरलेला होता. दूध किंवा दही आणि त्यासोबत मोजका गूळ वा मध. कोणा यजमानाच्या आग्रहाखातर त्यात भर पडली नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पौनारला त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे वय ८७ वर्षांचे होते. अखेरच्या दिवसांत हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारले, हा वेगळा आणि आध्यात्मिक निर्णय होता. त्याला पथ्य समजण्याची चूक कोणी करू नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विनोबांचा आहार जसाच्या तसा उचलणे हा अल्सरवरचा उपाय नव्हे. योगायोग असा की, ज्या १९८२ साली विनोबा गेले, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात राहणारा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्यात यश मिळवले. पुढे बहुसंख्य अल्सरांचे मूळ त्या जिवाणूत असल्याचे सिद्ध झाले आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज असा अल्सर प्रतिजैविकांनी बरा होतो. केवळ दूध-दह्यावर दिवस काढून डॉक्टरांकडे जाणे टाळणे हे शहाणपणाचे नाही. विनोबांकडून घ्यायचे ते माप, नेम आणि आग्रहाला नम्रपणे नकार देण्याचे बळ. एकादश व्रतांत अस्वादाला स्थान मिळाले ते याच कारणाने. अन्न औषधाप्रमाणे, मोजून आणि देहाच्या गरजेपुरते घ्यावे, हा त्याचा गांधीजींनी सांगितलेला अर्थ. चव मारून टाकणे असा त्याचा अर्थ नाही. चवीच्या हाती घराची सूत्रे देऊ नयेत, एवढाच त्याचा आशय.

गुळाचा आडोसा

वर्ध्याच्या आहारचिंतनाचे आणखी एक स्थान म्हणजे मगनवाडी. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यात झाली आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा सांभाळली. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, जात्यावरचे पीठ यांच्याबरोबर गिरणीच्या साखरेऐवजी गुळाचा पुरस्कार या संघाने केला. त्यामागे पोषणाचा विचार होता, तसाच खेड्यातील माणसाच्या हाताला काम मिळावे हाही होता. तो सर्वस्वी योग्यच होता.

मात्र आज त्या पुरस्काराचा सोयीस्कर अर्थ लावला जातो. ‘साखर बंद केली, आता सर्व काही गुळाचे’ असे अभिमानाने सांगणाऱ्या घरांची संख्या मोठी आहे. चहा गुळाचा, लाडू गुळाचे, चिक्की गुळाची. आणि प्रमाण पूर्वीपेक्षा दुप्पट, कारण मनावरचे ओझे उतरलेले. वस्तुस्थिती अशी की, गुळात काही क्षार आणि थोडे लोह असले, तरी त्याचा बहुतांश भाग साखरच असतो आणि उष्मांकही जवळजवळ साखरेइतकेच. मधाचेही फारसे वेगळे नाही. गांधीजींनी स्वतः या बाबतीत भोंगळपणा ठेवलेला नाही. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात बैठे काम करणाऱ्या माणसासाठी त्यांनी दिवसाच्या आहाराचे कोष्टक दिले आहे. त्यात गूळ वा साखर दीड औंस, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, एवढीच आहे. गूळ आणि साखर त्यांनी एकाच ओळीत, एकाच मापाने मांडली आहेत, हे विशेष.

आपली परंपरा तर याहून मागे जाते. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना बैठ्या सुखासीन जीवनाबरोबर आणि अतिनिद्रेबरोबर गुळापासून बनवलेल्या पदार्थांचाही स्पष्ट निर्देश केला आहे. ज्यांना परंपरेचा आधार हवा आहे, त्यांनी तो पूर्ण घ्यावा. गूळ आपला म्हणून अपायकारक नाही, हा युक्तिवाद चरकाच्या दरबारात टिकणारा नाही.

घराचे माप

मग माप कोणते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिले तर अधिक चांगले. सर्वसाधारण प्रौढासाठी हे दुसरे माप २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे, एवढे भरते. तीन कप चहात दोन-दोन चमचे साखर घेतली, की ३० ग्रॅम होतात. म्हणजे संध्याकाळ उजाडण्याआधीच कोटा संपलेला असतो. भारतात साखरेचा वार्षिक दरडोई खप सुमारे २० किलो आहे. दिवसाला तो पन्नास ग्रॅमच्या वर जातो आणि त्यात गूळ धरलेला नाही.

रुग्णाच्या एकेका घासावर पहारा ठेवण्यापेक्षा याचे साधे कौटुंबिक परिमाण वापरावे. चार प्रौढांच्या घरात दरडोई २५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला ३ किलो होतात. साखर, गूळ, मध, सरबते, बिस्किटांतील आणि मिठाईतील साखर हे सर्व त्यात आले. महिन्याच्या किराणा यादीवर साखर आणि गूळ मिळून पाच-सात किलो लिहिले जात असतील, तर कोणत्याही तपासणीवाचून निदान झालेले आहे. ही यादी ज्या हातांनी लिहिली जाते, त्या हातांत घरातील हृदयांचे बरेचसे आरोग्य आहे. साखरेचा डबा घरात एकच असतो. आजोबांचा चहा बिनसाखरेचा आणि त्यांच्यासमोर इतरांच्या बशीत जिलबी, असे पथ्य फार दिवस टिकत नाही. ते टिकले तरी आजोबांना एकटे पाडते. शिवाय आज बशी ओढून घेणारा नातू उद्याचा रुग्ण नसेलच, याची हमी कोणी द्यावी? २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्याची सूचना केली, ती याच चिंतेतून.

बदल एकदम करण्याची गरज नाही. दर पंधरवड्याला चहातली साखर अर्धा चमचा कमी केली, तर जीभ काही आठवड्यांत नव्या चवीला सरावते. आर्वी-कारंजाची संत्री रस काढून न पिता फोडी करून खावीत. चोथा पोटाला हवा असतो. मात्र आंबटाने ज्यांची जळजळ वाढते, त्यांनी संत्र्याऐवजी पपई वा दुसरे सोसेल ते फळ घ्यावे. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, दुधी, दोडका, ताजे पातळ ताक हा विदर्भातील घरांचा नित्याचा आहार हृदय आणि पोट दोघांनाही बहुधा मानवतो. तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवावेत, नाही तर नाजूक पोटाला वायूचा त्रास होतो. उपवास साबुदाणा आणि पेढ्यांचा उत्सव होऊ नये. ‘शुगर फ्री’ मिठाईवरही आंधळा विश्वास नको. तिच्यातील सॉर्बिटॉलसारखे पदार्थ पोट फुगवतात व ढाळही लावतात. वजन घटवण्यासाठी साखरेच्या पर्यायी गोडव्यांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये बजावले आहे.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगावी. ज्यांना इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना आहार एकाएकी तोडू नये. घाम, थरथर, भोवळ अशी लक्षणे दिसली, की त्या क्षणी साखर हेच औषध असते आणि ती हाताशी असलीच पाहिजे. छातीतील जळजळ पित्ताची की हृदयाची, हे घरी बसून ठरवणेही धोक्याचे. कितीतरी माणसे पित्ताची गोळी घेऊन मौल्यवान तास दवडतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून विद्यार्थ्यांना खेड्यांशी जोडणारे शिक्षण दिले जाते; प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. त्यामागची दृष्टी अशी की, आरोग्य घराच्या ओट्यावर आणि चुलीपाशी घडते, रुग्णालय ही त्यानंतरची पायरी. कार्यकर्त्यांनी हीच दृष्टी आपल्या संपर्कातील घरांत नेली, तर ते मोठेच काम ठरेल. बैठकीतला चहा बिनसाखरेचा ठेवून साखर वेगळी द्यावी. कार्यक्रमात एकच गोड पदार्थ असावा आणि तोही बेताचा. यासाठी ना निधी लागतो, ना ठराव.

गोडाशी वैर करण्याचे कारण नाही. संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी, गौरी-गणपतीचे मोदक ही आपल्या जीवनाची शोभा आहे. पण परंपरेत गोडाला प्रसंग होता आणि माप होते. तीर्थ पळीभर आणि प्रसाद कणभर घेण्यात श्रद्धा उणी पडत नव्हती. आज प्रसंग राहिला नाही आणि मापही राहिले नाही, हे खरे दुखणे आहे. ‘थोडक्यात गोडी’ असे जुनी माणसे म्हणत, ती कंजूष नव्हती. ‘नको’ म्हणणाऱ्या पाहुण्याला दुसऱ्यांदा आग्रह न करणे, हे त्याच्या आयुष्याची काळजी वाहणे आहे, असे ज्या दिवशी आपल्या घरांना वाटू लागेल, त्या दिवशी अर्धे पथ्य साधलेले असेल. उरलेल्या अर्ध्याची सुरुवात पुढच्या महिन्याच्या किराणा यादीपासून करता येईल.